झुंबरच्या पायाचं माप

चिखलात उमटलेला, बशीएवढा गोल ठसा.

कोंबडीच्या अंड्याएवढी गिट्टी, कोसभर लांब.

आचलचा फोन : "आई, तू कवा येशील वो?"

जुन्या लुगड्याची मऊ पट्टी.

नागपूरहून आलेलं खोकं. उघडलं तर नव्या रबराचा वास.

हे सगळं प्रेमिलाच्या एकाच आठवड्यातलं.

चिचगडजवळच्या त्या गावात घोडी एकच, प्रेमिलाच्या नवऱ्याची, दुधरामची झुंबर. आधी ती वरातीत नाचायची. नवरदेव मोटारीत बसायला लागले तशी ती घरी बसली, आणि प्रेमिलाचे गुडघे गेले तशी प्रेमिला तिच्यावर बसली. बाई घोडीवर बसते म्हणून गाव हसलं. हसून हसून दमलं, मग गप झालं.

आता लेक आचल जंगलापलीकडच्या गावात, दिवस भरत आलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसरं सासरी, पण आई जवळ हवी. नेमकं मधल्या रस्त्याचं काम निघालेलं. जीप बंद, मोटारसायकल घसरते. झुंबर गिट्टीवर चार पावलं चालली आणि एक पाय उचलून उभीच राहिली. नाल ठोकावी तर खूर ठिसूळ, खिळा धरत नव्हता.

भाचा स्वप्निल नागपूरला घोडेस्वारीच्या क्लबात कामाला. त्यानं फोनवर उपाय सांगितला. "मामा, घोड्यायले बूट भेटतात. खिळा नाही, काही नाही. समोरच्या पायाचं माप पाठवा. दोन तऱ्हेचे पाठवतो, जमंल तो ठेवा."

दुधरामनं माप पाठवलं. खोकं आलं.

अंगणात दोघं झुंबरच्या पायाशी बसली. एक जोड उंच, तारेनं आवळायचा. दुसरा ठेंगणा, शाळेच्या बुटासारखी चर्रकन उघडणारी पट्टी असलेला.

"उंचवाला घेऊ," दुधराम म्हणाला. "मिलिटरीवानी दिसते."

"तिले का भरतीले जायचं आहे?"

प्रेमिलानं उंच बुटाच्या काठावरून बोट फिरवलं. कड टणक होती, खुरावरची कातडी सोलली असती. ठेंगण्याच्या तोंडाशी मऊ गादी होती. "हाच."

झुंबरनं मुकाट पाय दिले. मग वळली, आणि दोन्ही बूट खुराभोवती गरकन फिरून मागं तोंड करून बसले.

दुधरामचा चेहरा पडला. "माप तं बराबर घेतलो होतो."

"बोडीच्या पाण्याकाठी चिखलात तिले पाय ठेवाले लावलं असंल तुमी. मंग ठसा मोजला."

"तुले कसं समजलं?"

"चिखल पसरते. पाय नाही पसरत."

"वापस पाठवतो. चार रोजात दुसरे येतीन."

"लेकरू थांबते का चार रोज?"

ती गुडघ्यावर हात रेटत उठली, आतून लुगड्याची पट्टी घेऊन आली. खुराभोवती गुंडाळली, तळहातानं सारखी केली. एक चुणी राहिली होती; सगळं सोडून पुन्हा गुंडाळलं. वरून बूट.

"हे कुठं शिकली वो?"

"वळवा तिले."

वळवली. बूट हलला नाही.

सकाळी दुधराम दोर धरून पुढं, प्रेमिला वर. गिट्टीपाशी झुंबर थांबली. मान खाली घालून हुंगली. एक पाय ठेवला. वाट पाहिली. दुसरा ठेवला.

"चालून राहिली वो!" दुधराम ओरडला, जणू घोडी त्याला एकट्यालाच दिसत होती.

अर्ध्या वाटेत प्रेमिलानं बूट काढून पाहायला लावले. कातडी लाल झाली नव्हती. पट्टी नीट करून उठताना दुधरामनं रिकिबीतला तिचा पाय हलकेच धरला.

"तुह्या पायाले तं नाही घासून राहिलं ना काही?"

"माह्या पायाले कायले घासंल? मी तं बसली आहो." पण पाय तिनं ओढून घेतला नाही.

आचल कमरेवर हात ठेवून ओट्यावर उभी होती. लेकरू अजून पोटातच.

"आई! घोडीले बूट?"

"मंग? बाळंतपणाले आली ते. बिनाबुटाची येईल का?"

लग्नाआधी, धानाच्या रोवण्यात, दुधरामनं प्रेमिलाच्या बापाच्या बांधीतल्या चिखलात तिच्या पावलाचा ठसा काडीनं मोजला होता. त्या मापाच्या चपला दोन बोटं मोठ्या निघाल्या. तिनं त्या चिंध्या भरून फाटेपर्यंत वापरल्या आणि त्याला कधी सांगितलं नाही.