घडीवर न कापलेला ब्लाउज

काशीनाथ मास्तर माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसत, खांद्यावरून ओळखत. भाईंदर पूर्वेला भाजी आणायला निघाले आणि समोरून कोणी हात केला, की ते आधी त्याची बाही कुठे बसलीय ते बघत आणि मग हसत. मंदाला लग्नानंतर या सवयीचा रागच आला होता. नव्या नवरीला माथेरानला न्यावं, सूर्य बुडेपर्यंत तिच्याकडे टक लावून पाहावं, आणि शेवटी तोंडातून निघावं काय, तर "तुझा डावा खांदा किंचित उतरलाय. छान आहे." हे प्रेमाचं बोलणं होतं, हे कळायला तिला पुढे बरीच वर्षं लागली.

त्यांना कोणी शिंपी म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. शिवणारे वेगळे, मास्तर पॅटर्न काढत. कपडा कापण्याआधी त्याचा जो कागदी नकाशा लागतो, तो त्यांच्या हातचा. आधी एका एक्सपोर्टच्या कारखान्यात आणि आता घरच्या हॉलमध्ये, मीरा रोडच्या बुटिकवाल्या बायकांसाठी. त्यातही त्यांची ख्याती होती ती झोळ आणि पीळ असलेल्या कपड्यांची. कापड खांद्यावरून निघतं, छातीशी गिरकी घेतं, कमरेवर चुण्या सोडत कुठेतरी नाहीसं होतं, असले कपडे. हे प्रकार आधी कागदावर जमत नाहीत. जिवंत अंगावर मांजरपाट लावायचा, टाचण्यांनी वळवत न्यायचा, मग तो उतरवून टेबलावर पसरायचा आणि त्याच्यावरून कागद कापायचा.

ते जिवंत अंग म्हणजे मंदा. पतपेढीतून कॅशियरची खुर्ची सोडून ती घरी यायची, चहा टाकायची आणि टेबलासमोर उभी राहायची. मास्तर तिच्याभोवती फिरत आणि ती उभ्या उभ्या मटार सोलत असे. कारखान्याचा मधला साइझ सगळा तिच्यावरून निघालेला होता. "कुठल्या कुठल्या परदेशी बायका माझ्या मापात फिरतायत, त्यांना पत्ताही नाही," असं ती पतपेढीत ऐटीत सांगायची. त्यात तिळमात्र खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी मंदाच्या उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं. गाठ वाईट निघाली, छातीची ती बाजू पूर्ण काढावी लागली. औषधं झाली, केस गेले, केस परत आले आणि येताना कुरळे होऊन आले. रिपोर्ट चांगले आले. मंदा पुन्हा खुर्चीवर बसून नोटा मोजू लागली आणि सगळे म्हणाले, बाई मोठ्या धीराची. ती होतीच. फक्त ती टेबलासमोर उभी राहिली नाही ती नाहीच.

मास्तरांनी विचारलं नाही. त्यांनी बंद पडलेल्या एका कारखान्यातून फायबरचा डमी आणला आणि खिडकीशी उभा केला. मंदाने त्याचं नाव 'सवत' ठेवलं. "सवतीला चहा विचारलात का?" असं ती रोज विचारायची आणि मास्तर रोज हसायचे. पण सवतीचं काम धड होत नव्हतं. ती श्वास घेत नव्हती, हात वर करत नव्हती, कंटाळत नव्हती. तिच्या अंगावर नीट बसलेला पीळ खऱ्या बाईच्या अंगावर गेला की हमखास घसरायचा.

मंदाला नेमकी कशाची भीती होती, ते तिला स्वतःला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांनी पाहिलं होतं, नर्सेसनी पाहिलं होतं, मुलगी क्षितिजा पट्टी बदलायची, तिने पाहिलं होतं. आरशाशीही मंदाचं एव्हाना बरं जमलं होतं. पण मास्तरांची नजर पाव इंचाची होती. दुसरा नवरा असता तर अंधारात चालून गेलं असतं, न पाहिल्यासारखं करता आलं असतं. या माणसाला तशी सोयच नव्हती. म्हणून ती दार लावून कपडे बदलायची, आणि ते दार लागण्याचा आवाज आला की मास्तर उगाच कात्रीला धार लावत बसायचे.

अशात क्षितिजाचा साखरपुडा ठरला. मुलगा कौस्तुभ, जवळच मीरा रोडचा. हॉल ठरला, साड्या झाल्या, आणि एका रात्री जेवताना मास्तरांनी भीत भीत विषय काढला.

"तुझा ब्लाउज मी करतो. मापं देशील?"

"जुनी आहेत ना तुमच्याकडे."

"जुनी खोटी आहेत," मास्तर म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना स्वतःची जीभ चावावीशी वाटली, पण उशीर झाला होता. मंदा ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने समोरच्या रमीलाबेनकडून गुजराती पद्धतीचा पदर शिकायला सुरुवात केली. कारण सरळ होतं. आपल्या पद्धतीत पदर डाव्या खांद्यावर जातो आणि उजवी बाजू उघडी पडते. "डावी गेली असती तर पदराखाली खपून गेली असती," मंदा रमीलाबेनना म्हणाली. "देवाने तेवढाही विचार केला नाही." दवाखान्याने सुचवलेली कापसाची गादी तिने ब्लाउजच्या आत घालून पाहिली होती. दुपारपर्यंत ती गळ्याशी यायची, आणि मुदत ठेवीचे व्याजदर सांगता सांगता तिला ती खाली ढकलावी लागायची. गुजराती पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, छातीवर पसरतो, प्रश्नच मिटतो.

"आई, स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात तू पाहुणी दिसशील," क्षितिजा म्हणाली.

"दिसू दे. आणि मी मागच्या रांगेत बसणार आहे. ओटी भरायला मामी आहे तुझी."

क्षितिजा रडली. मंदाही न्हाणीघरात नळ सोडून रडली, पण म्हणणं बदललं नाही. ती बाई तशीच होती. एकदा आकडा टाकला की खाडाखोड नाही.

रविवारी दुपारी मायलेकी हॉलची सजावट बघायला निघाल्या. कोपऱ्यावर मंदाच्या चपलेचा अंगठा तुटला. "तू हो पुढे, कौस्तुभ आहेच तिकडे," असं म्हणून ती पाय ओढत परत आली आणि तिने चावीने दार उघडलं.

हॉलमध्ये कपाटाच्या आरशासमोर मास्तर उभे होते. कमरेला लेंगा, वर उघडं अंग, त्या अंगावर मांजरपाट, आणि मांजरपाटात बगलेपासून बेंबीपर्यंत टाचण्या. हात दोन्ही बाजूंना अधांतरी.

"अहो! हे काय चाललंय?"

"हळू बोल," मास्तर आरशातूनच म्हणाले. "दचकलो की टोचतंय."

मंदाला हसू फुटणार होतं. पोट पुढे, पांढरे केस पिंजारलेले, आणि छातीवर नाजूक चुण्यांचा पीळ! पण हसू ओठाशी आलं आणि तिथेच थांबलं. मास्तरांच्या छातीवर डावीकडे मांजरपाटाखाली काहीतरी कोंबलेलं होतं. क्षितिजाचे मोजे असावेत. उजवीकडे काहीच नव्हतं. उजवीकडे सपाट.

ते अंग कोणाचं होतं, ते तिला कळलं.

"माझं सोंग करताय?" तिचा आवाज चढला. "घरात कोणी नसताना माझं सोंग?"

"तू उभी राहत नाहीस, म्हणून मी राहिलो." मास्तर वळले आणि वळताना दोनदा कळवळले. "सवत काही ऐकेना. म्हटलं तिची एक बाजू कापून टाकावी म्हणजे माप खरं येईल. परवा करवत आणली खालून."

"मग?"

"हात होईना."

मंदाने सवतीकडे पाहिलं. सवत खिडकीशी धडधाकट उभी होती आणि तिच्या पायाशी भिंतीला टेकून एक नवी करवत होती. एवढ्या वर्षांत या माणसाने गाठींच्या गाठी कापड कापलं होतं, कात्री लावताना कधी कचरला नव्हता. मंदा कॉटवर बसली. तिचा राग कुठे ठेवावा, ते तिला सुचेना.

मास्तरांना बसताही येत नव्हतं. मग मंदाची नजर त्या मांजरपाटाकडे गेली आणि इतक्या वर्षांची सवय, तिला बोलल्याशिवाय राहवेना.

"उजवीकडेही मोजा भरा की. दोन्ही बाजू सारख्या दिसतील."

"सारख्या केल्या तर पीळ बसत नाही," मास्तर लगेच म्हणाले. कामाचा विषय निघाला की त्यांची भीती पळायची. "साधा ब्लाउज आपण घडीवर कापतो. कापड दुमडायचं, अर्धाच पॅटर्न वर ठेवायचा, कात्री चालवायची. उलगडलं की दोन्ही बाजू जुळ्या. पिळाचं तसं नाही. इकडचं कापड तिकडे जातं, मध्ये वळतं, तिकडे जाऊन पसरतं. त्याला दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढाव्या लागतात, पूर्ण. एकीचा कागद दुसरीला चालत नाही. फार निगुतीचं काम. म्हणून तर मला आवडतं."

ते कापडाबद्दलच बोलत होते. निदान मंदाला तसंच वाटलं, कारण बोलताना ते तिच्याकडे बघतही नव्हते, एक चुणी बोटाने सारखी करत होते. डाव्या खांद्यावरून निघालेलं कापड मध्यावर गिरकी घेऊन उजवीकडे उतरत होतं आणि त्या सपाट जागी त्याच्या चुण्या ऐसपैस पडल्या होत्या. काही झाकलंय असं वाटतच नव्हतं. कापडाला तिथेच यायचं होतं, असं वाटत होतं.

"मला तुमच्या डोळ्यांची भीती वाटते हो," मंदा एकदम म्हणाली. वर्षभर गिळलेलं वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. "तुम्हाला पाव इंच दिसतो. आणि इथे तर सगळंच..."

मास्तरांनी चुणी सोडली.

"दिसणार," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मला सगळं दिसेल. पण मंदा, वर्ष झालं, तू मला दिसलीच नाहीस. त्याचं काय करू मी?"

हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले आणि टाचण्यांमुळे हात वर नेऊन ते पुसताही येईनात. मंदा उठली आणि तिने आपल्या पदराने ते पुसले. मग तिने त्यांच्या अंगावरच्या टाचण्या एकेक करून काढल्या. मोजे खाली पडले. क्षितिजाचेच होते, ऑफिसला जायचे.

तिने खिडकीचा पडदा ओढला. पाठ करून ब्लाउज काढला, खुर्चीवर टाकला, आणि टेबलासमोर तिची जी जागा होती तिथे येऊन ती वळली.

मास्तरांनी पाहिलं. नजर चुकवली नाही, घाईही केली नाही. बगलेपासून मध्यापर्यंत गेलेली ती आडवी खूण त्यांनी आपल्या पाव इंचाच्या नजरेने पूर्ण पाहिली. मग मास्तरांनी टेप घेतली, खांद्यापासून खाली माप घेतलं आणि कामाच्या आवाजात म्हणाले, "श्वास सोड. पोट आत ओढू नकोस, मला फसवतेस काय?" मंदाला हायसं वाटलं. इतकं हायसं तिला रिपोर्ट आले तेव्हाही वाटलं नव्हतं.

नवा मांजरपाट घेतला. कापड तिरकं धरलं, डाव्या खांद्यावर टाचलं, मध्यावर आणून पिळलं आणि उजवीकडे सोडलं. मास्तर तिच्याभोवती फिरू लागले. टाचणी लागली की ओरडायचं, असा त्यांचा जुना करार होता. डावीकडे दोनदा लागली, मंदा दोनदा ओरडली, मास्तरांनी दोनदा "सॉरी" म्हटलं. उजवीकडे सगळं सुरळीत चाललं होतं. एक चुणी, दुसरी, तिसरी. मंदा शांत उभी होती.

मग मास्तरांचा हात थांबला. तिसऱ्या चुणीपाशी मांजरपाटावर लाल ठिपका उमटला होता आणि बघता बघता पसरत होता.

"अगं, लागलं! ओरडली का नाहीस?"

मंदाने मान वाकवून पाहिलं. "मला कळलंच नाही," ती म्हणाली. "ती जागा बधिर आहे. ऑपरेशनपासून तिथे काही लागतच नाही मला. गरम नाही, गार नाही."

मास्तरांनी टाचणी काढली, ओल्या कापसाने ती जागा हलकेच टिपली आणि बराच वेळ तो कापूस तिथेच धरून ठेवला. मंदाला वाटलं, झालं, आता हे पुन्हा हात लावणार नाहीत. सवतीकडे जातील. आणि आता तर तिला उभं राहायचं होतं.

मास्तरांनी कापूस बाजूला ठेवला. मग आपला डावा हात त्यांनी मांजरपाटाखाली सरकवला आणि तळवा त्या खुणेवर पालथा पसरला. तिची कातडी आणि कापड यांच्या मधोमध त्यांचा हात राहिला. उजव्या हाताने त्यांनी पुढची टाचणी उचलली.

"हे काय करताय? हाताला लागेल तुमच्या."

"लागू दे," मास्तर म्हणाले. "तुला कळत नाही ना इथे? मग मी ओरडतो."

त्यांनी टाचणी लावली. दुसरी लावली. तिसरीला ते खरंच ओरडले, "आई गं!" आणि तेही असे, की मजल्यावर ऐकू गेलं.

"क्या हुआ मंदाबेन?" समोरच्या दारातून रमीलाबेनची हाक आली.

मंदा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हलायची सोय नव्हती, म्हणून तिने जागेवरूनच उत्तर दिलं.

"कुछ नहीं बेन, मेरे को पिन लगा!"

मास्तरांनी हात काढला नाही. मंदा सरळ उभी राहिली आणि त्यांनी पुढची चुणी धरली.