तुळसाबाईंचं पायपुसणं

मित्रांनो, मी एक जुनं पायपुसणं आहे. नाक मुरडू नका! माझी शिवण तुमच्या दप्तरापेक्षा मजबूत आहे. कामरगावच्या तुळसाबाईंनी फाटक्या लुगड्याच्या घड्या एकावर एक ठेवून मला दाभणाने शिवलं.

जुन्या घरात, सारवलेल्या जमिनीवर, दहा वर्षं मी जागचं हललं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया माझे टाके निरखून बघायच्या. मग घर नवं झालं, गुळगुळीत फरशी आली आणि माझी रवानगी न्हाणीच्या दाराशी झाली. तिथं कौतुक कुठलं? ओले पाय तेवढे यायचे.

एका सकाळी तुळसाबाईंनी माझ्यावर पाय ठेवला आणि मी सरकलं. त्या दाणकन आपटल्या. कंबर धरून कशाबशा उठल्या, पण सून ज्योत्स्नाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. सत्तरी ओलांडली तरी त्या रोज वावरात, म्हणजे शेतात, जात. पडल्याचं कळलं, तर आपलं वावरात जाणं बंद होईल, ही त्यांना धास्ती. मला फार वाईट वाटलं. पण सांगायला मला तोंड कुठं होतं!

आठवड्याने शेजारच्या चतुराबाई आल्या आणि हात धुवायला न्हाणीकडे निघाल्या. त्यांची नजर अधू.

"थांब वं चतुरा!" तुळसाबाई ओरडल्या. "त्याच्यावर पाय नको देऊ. मी पडली त्याच्यावरून!"

ज्योत्स्ना भाकर थापता थापता उठली. "कवा पडल्या, आत्याबाई? काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं, तं तू मले वावरात जाऊ देलं असतं काय?"

ज्योत्स्नाने हाताचं पीठ झटकलं. तिनं खरंच जाऊ दिलं नसतं. मग तिनं मला उचललं. "वावरात जा तुमी. पहिले कंबर डाक्टरले दाखवू. अन् हे इथं नाही पायजे."

आता न्हाणीच्या भिंतीला धरायला नळी आहे आणि मी गोठ्यात वासराखाली आहे. त्याला शिवणीची काही कदर नाही.

मित्रांनो, आज घरी गेलात की आजीच्या वाटेतलं पायपुसणं पायाने ढकलून बघा. सरकलं तर उचला, आम्हाला राग येणार नाही. आणि आजी कधी "पडले" म्हणाली, तर तिच्यावर ओरडू नका, तिचं फिरणं बंद करू नका. नाहीतर पुढच्या खेपेला ती पडेल, ते फक्त पायपुसण्याला ठाऊक राहील.