मक्चिकची नजर

बी ह्वाचं काम लेसरनं तबकडीवर फोड आणायचं, आणि बालाचं काम लेसरनंच तबकडीवरचे नको तिथले फोड शोधायचं. दोघांची यंत्रं बायान लेपास गावातल्या त्या कारखान्यात एकाच भिंतीच्या दोन अंगांना होती, आणि तिचं नि त्याचं भांडण कामाच्या वेळापत्रकात छापलेलं असावं इतकं नियमित चाले.

फोड मुद्दाम आणायचे हे बी ह्वाच्या आईला अजून पटलेलं नव्हतं. हार्ड डिस्कची तबकडी आरशासारखी गुळगुळीत हवी, हे खरं. पण यंत्र बंद झालं की वाचणारं डोकं तबकडीच्या आतल्या पट्ट्यावर टेकतं, आणि जागा फार गुळगुळीत असली तर दोन ओल्या काचा चिकटाव्यात तसं चिकटून बसतं. म्हणून तेवढ्या पट्ट्यात बारीक उंचवटे लागतात. आजवर ते घासून करत. बी ह्वानं त्यासाठी लेसर आणवला. प्रकाशाच्या एका ठोक्याला एक फोड, केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका उंच, आणि शेजारचा हुबेहूब तसाच.

कारखान्याचे मोठे साहेब खू यांना फोड आवडले होते, पण लेसर ज्या लाकडी खोक्यातून आला ते त्यांनी मोडू दिलं नव्हतं. "गिऱ्हाइकाचा चाचणीचा माल चिनी नवीन वर्षाच्या सुट्टीआधी पास झाला, तर खोकं फोडू," ते म्हणाले होते. "नाही झाला, तर लेसर खोक्यात आणि तू परत घासकामावर."

सुट्टी परवापासून होती. आणि माल पास होत नव्हता.

"बी ह्वा, तुझ्या लेसरला गोवर आलाय," बाला पडद्याकडे बघत म्हणाला. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते. पडद्यावर तबकडीचा नकाशा होता आणि त्यावर लाल ठिपकेच ठिपके.

"माझे फोड आतल्या पट्ट्यात आहेत. हे ठिपके सगळीकडे आहेत. माझा लेसर तिथं पोचतसुद्धा नाही."

"शिंकत असेल. शिंक कुठवर उडते कुणी सांगावं?"

"तुझ्या मक्चिकलाच चष्मा लागला असेल."

"तिच्याबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही. आज सकाळीच तिची नजर तपासलीय मी."

मक्चिक म्हणजे मावशी. तपासणीच्या यंत्राला हे नाव कक रोहायानं ठेवलं होतं. ती या पाळीची मुकादम, सगळ्यांत थोरली, म्हणून साहेबसुद्धा तिला 'कक', म्हणजे ताई म्हणत. तिच्या मते हे यंत्र अगदी गल्लीतल्या मक्चिकसारखं होतं: फिरत्या तबकडीवर तिरका प्रकाश टाकायचा, स्वच्छ जागेवरून तो सरळ निघून जातो तिकडे बघायचंसुद्धा नाही, आणि कुठे कणभर काही असेल तिथून जो विखुरतो तेवढाच टिपून जगाला सांगायचा. चांगलं काही तिला दिसतच नाही.

"मक्चिक आगाऊ असेल," कक रोहाया म्हणाली, "पण खोटारडी नाही हो."

बी ह्वा भिंतीपलीकडे गेली. लेसरची ताकद मोजली, भिंगं पाहिली, सूक्ष्मदर्शकाखाली फोडांची उंची घेतली. सगळं जसंच्या तसं. लेसर ठीक असून माल नापास होत असेल तर दुरुस्त काय करायचं? बिघडलेली गोष्ट दुरुस्त करता येते, न बिघडलेलीचं काय करणार?

मग तिला सुचलं ते फार साधं होतं. तिनं मागच्या आठवड्यात पास झालेल्या, जुन्या पद्धतीनं घासलेल्या तबकड्या मागवल्या. लेसरनं त्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

"या तपास."

"या पास झाल्यात."

"म्हणून तर."

मक्चिकनं त्यांनाही लाल ठिपक्यांनी मढवलं. बालाचे डोळे हसायचे थांबले.

"यांना कोण शिंकलं?" बी ह्वानं विचारलं.

बाला म्हणाला, "सकाळी नजर तपासताना ती जरा अधू वाटली होती. नमुन्याच्या तबकडीवरचे कण तिला दिसेचनात. म्हणून मी नजर वाढवली. दिसेपर्यंत वाढवली."

नमुन्याची तबकडी म्हणजे मक्चिकची पाटी. तिच्यावर ठरावीक आकाराचे कण मुद्दाम शिंपडलेले असतात. यंत्राला ते बरोब्बर दिसले की नजर ठीक.

"दाखव ती पाटी."

बालानं कपाटातली डबी उघडली. तबकडी चिमट्यानं उचलून त्यानं तिरप्या दिव्याखाली धरली. तिच्यावर काही नव्हतं. धुक्यासारखा तो ओळखीचा थर नाही, एक ठिपका नाही. इतकी स्वच्छ तबकडी त्या कारखान्यात क्वचितच कुणी पाहिली असेल.

"ही कुणीतरी धुतली," बाला हळूच म्हणाला. "ज्याला कुणाला मेहनत करायची हौस आली त्यानं मक्चिकची पाटी धुऊन काढली. मग मी तिला पॉलिशचे ओरखडेसुद्धा दिसावेत एवढे डोळे फाडायला लावले."

सोमवारी खूसाहेबांनी हुकूम सोडला होता. नवीन वर्षाआधी घर जसं कानाकोपऱ्यासकट झाडून काढतात तसा कारखाना झाला पाहिजे, वर्ष लागलं की झाडूला हात लावायचा नाही, नाहीतर नवं नशीबच झाडलं जातं. धुळीचा कणही आत येऊ न देणाऱ्या त्या क्लीनरूममध्ये झाडण्यासारखं काही नसतंच. तरी सगळे इमानानं पुसत सुटले होते. कागदाचे तंतू उडतात म्हणून डब्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा काढल्या होत्या.

कक रोहाया बी ह्वाकडे बघत होती. ती नुसतीच बघत होती.

बी ह्वाला आठवलं. सोमवारी बाला जेवायला गेला होता. कपाटात एक बिनचिठ्ठीची डबी, आत एकच तबकडी, दिव्याखाली धरली तर धुळीनं भरलेली. किती गबाळा माणूस आहे, असं वाटून तिनं ती धुण्याच्या यंत्रात टाकली होती, वाळवली होती, परत जागेवर ठेवली होती. नंतर त्याला टोमणा मारायचा ठरवलं होतं आणि विसरली होती. आत्ता गप्प बसता आलं असतं. लेसर निर्दोष आहे हे सिद्ध झालंच होतं. पाटी सांभाळायची जबाबदारी बालाची होती.

"मी धुतली," ती म्हणाली. "मला वाटलं तू घाण ठेवलीस."

बालानं डबी बंद केली. "म्हणजे माझ्यावर उपकार केलास."

"हो."

"बघ. उपकार कुणाकडून घ्यावेत याला काही धरबंध हवा."

कक रोहायाला हसू आवरेना. सूटमध्ये हसणारं माणूस फार विचित्र दिसतं. नुसते खांदे हलतात.

हसून झाल्यावर प्रश्न तिथंच होता. नवी पाटी परदेशातून यायला कित्येक आठवडे लागतात आणि माल उद्या जहाजावर चढायचा होता. काचेपलीकडे खूसाहेब येऊन उभे राहिले. फोनवरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"पाटीशिवाय तपासलेला माल मी कुणाच्या भरवशावर पाठवू?"

बी ह्वानं बालाकडे पाहिलं. "मागच्या शुक्रवारी तू माझी एक तबकडी गंमत म्हणून तपासली होतीस. माझे फोड मक्चिकला कसे दिसतात ते बघायला."

"आणि सांगितलं होतं, रांगेत उभ्या शाळकरी मुलींसारखे दिसतात."

"तो नकाशा आहे ना? तेव्हा पाटी धुतलेली नव्हती, मक्चिकची नजर ठीक होती. फोडांची उंची मी सूक्ष्मदर्शकानं वेगळी मोजलीय. तीच तबकडी आत्ता लाव. फोड शुक्रवारइतकेच उजळ दिसेपर्यंत नजर उतरवत ये."

बालानं शुक्रवारचा नकाशा पडद्यावर काढला. "म्हणजे सकाळपासून ज्याच्यावर आळ घेतोय त्यालाच मोजपट्टी म्हणून धरू?"

"तुला दुसरी सापडली तर ती धर."

"सही तुझी लागेल, बाला," खूसाहेब म्हणाले. "तुला पटलं तरच."

त्यानं तबकडी लावली. नजर एकेक पायरी उतरवत गेला. फोड शुक्रवारच्या रांगेत आले तसा तो थांबला. मग मागच्या आठवड्यातल्या पास तबकड्या घातल्या. त्या पास झाल्या.

संध्याकाळपर्यंत चाचणीचा माल तपासून झाला. चार तबकड्या मात्र खरोखर नापास निघाल्या. त्यांतल्या एकीवर दोन फोड एकमेकांवर चढले होते.

"हे तुझंच," बाला म्हणाला.

"माझंच," ती म्हणाली.

तेवढ्या चार बाजूला काढून त्यानं सही केली. खूसाहेबांनी काचेपलीकडून मान हलवली आणि कुणालातरी भांडारातून पहार आणायला सांगितलं. मग त्यांना काहीतरी आठवलं.

"खोकं आजच फोडा," ते फोनवर म्हणाले, "आणि भुसा आजच झाडून घ्या. परवा झाडू धरायचा नाही. आणि झाडायला बी ह्वाला लावू नका."