श्रीरामपूरची मोकळी गिटार

मोनिका त्रिभुवन एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी उपासनेत तिचा गिटारचा तुकडा संपेचना. गीत चार कडव्यांचं होतं. तिसरं कडवं झाल्यावर तिने एक तार बोटाने वर ओढली, सूर रडल्यासारखा वाकला, आणि तिला तो इतका आवडला की ती त्याच्याच मागे गेली. मंडळी चौथ्या कडव्यासाठी उभी राहिली, थोडं थांबून खाली बसली, मग पुन्हा उभी राहिली. तिचे पप्पा शमुवेल रेल्वेत फिटर होते आणि चर्चमध्ये तबला वाजवत. ते हात मांडीवर ठेवून लेकीकडे बघत राहिले.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब दाराशी तिला म्हणाले, “छान होतं बेटा. पण आपण निघालो होतो कुठे?”

“मलाही नाही कळलं,” मोनिका म्हणाली. ते खरंच होतं.

तो वाकणारा सूर तिला एका मैत्रिणीने भरून दिलेल्या मेमरी कार्डात सापडला होता. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं ते संगीत, ब्लूज. शब्द तिला निम्मे कळत नव्हते. पण गाणाऱ्याची पाठ दुखतेय आणि तरी तो मजेत आहे, एवढं कळत होतं.

पुढे ती नगरच्या एका ऑर्केस्ट्रात लागली. मालक ज्ञानेश्वरभाऊ मनाने मोठा माणूस. केडगावच्या मंगल कार्यालयात एका लग्नात नवरदेवाचे मित्र नाचत होते आणि मोनिकाने गाण्याच्या मधल्या जागेत पुन्हा तार ओढली. नाच हळूहळू थांबला. नवरीचे मामा स्टेजजवळ येऊन काळजीने म्हणाले, “ताई, मशीन बिघडलं का? आमच्याकडं इलेक्ट्रिशियन हाय.”

ज्ञानेश्वरभाऊंनी त्या दिवशी तिला स्वतःच्या हाताने जिलेबी वाढली आणि सांगितलं, “मोनिका, तू पुण्याला जा. इथं तुझ्यामुळं लोकांचा नाच मोडतो, आणि आमच्यामुळं तुझं वाजवणं.”

पुण्यात सहा वर्षं तिने हॉटेलांमध्ये ब्लूज वाजवला. नाव झालं. लोक येऊन सांगत, “अगदी तिकडच्यासारखं वाजवता हो!” पहिली दोन वर्षं हे ऐकून तिला आनंद व्हायचा. नंतर ते कौतुक बुटातल्या खड्यासारखं टोचायला लागलं.

अशात तिच्या ओळखीच्या एका ड्रमरने तिला फ्री जॅझ ऐकवला. ठरलेली चाल नाही, ठरलेला ताल नाही. जो तो समोरच्याचं ऐकणार आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवणार. मोनिकाला वाटलं, फाईल खराब आहे. दुसऱ्यांदा ऐकून तिचं डोकं दुखलं. तिसऱ्यांदा ती पुणे-श्रीरामपूर एसटीत खिडकीशी बसून ऐकत होती, आणि नगरच्या आसपास तिच्या अचानक लक्षात आलं की वाजवणारे पाचही जण एकमेकांचं जिवाचा कान करून ऐकतायत. ती एकटीच हसली. शेजारच्या बाईंनी पिशवी जरा स्वतःकडे ओढून घेतली.

मग तिने दोन्ही एकत्र करायला घेतलं: ब्लूजचा वाकलेला सूर, पण बांधलेली वाट सोडून. हॉटेलवाल्यांनी बोलावणं बंद केलं. एकतिसाव्या वर्षी ती श्रीरामपूरला परत आली. सकाळी मुलांना गिटार शिकवायची, दुपारी स्वतः वाजवायची. पप्पा आता रिटायर झाले होते. चहाच्या वेळी विचारायचे, “आज काही बसवलं का?”

“नाही पप्पा, आज उसवलं.”

पप्पा हसायचे, पण कप खाली ठेवताना त्यांची नजर तिच्यावरून हलायची नाही.

मार्च महिन्यात तिने गावातच कार्यक्रम करायचं ठरवलं. पुण्याहून ड्रमर आणि बेस वाजवणारा असे दोन मित्र आले. हॉल घेतला, साठ खुर्च्या मांडल्या, वेळ दुपारी चारची. स्पीकर लावायला मंडपवाल्याकडून अंगद आला होता. तिशीचा, मूळचा पाथर्डीकडचा, कामापुरतं बोलणारा. त्याचे आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला इकडे येत. त्या दिवशी बाजार होता म्हणून त्याची आई लंकाबाई त्याला भेटायला आली आणि पंखा बघून मागच्या खुर्चीत टेकली.

साडेचारला पन्नास माणसं होती. पाच वाजता अकरा उरली. त्यांत पप्पा, पाळकसाहेब आणि भेळीचा पुडा मांडीवर घेतलेली लंकाबाई. मोनिका खाली बघून शेवटपर्यंत वाजवत राहिली. संपल्यावर टाळ्या वाजल्या त्या दयेच्या होत्या, हे तिला ओळखू आलं. ती स्टेजच्या पायरीवर बसली. डोळे भरून आले होते.

लंकाबाई जवळ आली. “बाई, रडू नगं. मला लई बरं वाटलं.”

“खरंच, मावशी? काय बरं वाटलं त्यात?”

“आमच्या फडात आसंच आसतं. एक मोळी बांधती, एक गाती, एक मुकादमाला शिव्या देती. बैल मधीच घंटा वाजवितो. कुनाचा कुनाला मेळ न्हाई. पर गाडी भरती की.” तिने भेळीचा पुडा मिटला. “तू फकस्त खाली बघून वाजविती. वर बघ. ती दोघं तुझ्याकडं बघत हुती, तुझं ध्यानच न्हाई.”

मोनिकाने मित्रांकडे पाहिलं. दोघंही वायरी गुंडाळता गुंडाळता ओशाळले. बाई बरोबर बोलली होती. सगळ्यांचं ऐकायचं म्हणून ही वाट धरलेली, आणि भीतीपोटी ती तासभर फक्त स्वतःचं ऐकत होती.

दोन दिवसांनी अंगदने तिला मोटरसायकलवरून फडात नेलं. सकाळचे सात वाजले होते. बायका मोळ्या बांधत होत्या. मोनिकाने बांधावर बसून गिटार काढली. आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग लंकाबाईने मान न वळवता सुरू केलं:

“उसाच्या गं फडामंदी कुस भरलं हाताला,
देवा, माझ्या अंगदाला ऊन लागू नको माथ्याला.”

दुसरी ओळ कुठे उचलायची हे तिचं तिलाच ठाऊक होतं. कधी कोयत्याचा घाव मधे यायचा, कधी श्वास. मोनिका वर बघून वाजवत राहिली. अंगद जाऊन आईवडिलांच्या कोपीतून, त्या पाचटाच्या झोपडीतून, हलगी घेऊन आला. शाळेत असताना तो लेझीम पथकात वाजवायचा, हे त्याने तिला सांगितलंच नव्हतं. पाचट पेटवून त्याने हलगी शेकली आणि वाजवायला लागला, तेव्हा त्याची आई पहिल्यांदा काम थांबवून ताठ उभी राहिली.

“आरं, तुला अजून येतंय व्हय!”

पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, मोनिका आठवड्यातून तीनदा फडात जात होती. मग एप्रिलभर मोनिका, अंगद आणि गावी न जाता थांबलेली लंकाबाई अशा तिघांनी त्रिभुवनांच्या घरात तालीम केली. पप्पा दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि आतल्या तालावर गुडघ्यावर तबला वाजवायचे.

जूनमध्ये पुण्याच्या एका संगीत महोत्सवात त्यांना पाऊण तास मिळाला. मोठा हॉल, चारशे माणसं. लंकाबाई नवं लुगडं नेसून स्टेजवरच्या खुर्चीत बसली. पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. मग गिटार आणि हलगी अगदी भरात आली असताना लंकाबाईने गाणं तोडलं, आणि माईक तोंडासमोरच असल्याने तिचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत गेलं:

“थांबा गं जरा. पानी पिते.”

अंगदचा हात हवेतच राहिला. भरलेल्या हॉलमध्ये शांतता, आणि लंकाबाई सावकाश बाटलीचं झाकण फिरवतेय. मोनिकाला वाटलं, काहीतरी वाजवून ही जागा भरावी. बोटं तारेवर गेलीसुद्धा. मग तिने वर पाहिलं. लंकाबाई पाणी पिता पिता तिच्याचकडे बघत होती, डोळ्यांनी म्हणत होती, आलेच. मोनिकाने बोटं उचलली आणि थांबली. घोट घशाखाली गेल्याचं माईकवर ऐकू आलं. कुणीतरी हसलं, मग आणखी चार जण, आणि ते हसू ओसरता ओसरता लंकाबाईने ओवी मधूनच उचलली, पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत. मोनिकाची तार तिच्यासोबत वाकत वर गेली.

कार्यक्रम संपल्यावर लोक उभे राहिले. एका पेपरात आलं की कलाकारांनी शांततेचा धाडसी वापर केला. अंगदने ते आईला वाचून दाखवलं.

“धाडस कसलं त्यात? तहान लागली हुती,” ती म्हणाली.

त्यानंतर रेकॉर्डिंग झालं, बेंगळुरू आणि कोचीला कार्यक्रम झाले. पुढच्या वर्षी जर्मनीचं बोलावणं आलं. महोत्सव ऑक्टोबरअखेर होता. तेव्हा फड सुरू व्हायचा, म्हणून लंकाबाईने आधी नाही म्हटलं. मग मुकादमाशी स्वतःच बोलली आणि पंधरा दिवस उशिरा यायचं ठरवून आली. पासपोर्टला जन्मतारीख हवी होती. ती तिला माहीत नव्हती. अंगद म्हणाला, सगळे एक जून लावतात. “मला पावसाळ्याच्या आधीची नगं,” लंकाबाई म्हणाली, “तवा घरात काईच नसतं.” वकिलाकडे प्रतिज्ञापत्र करून तिने सुगीतली एक तारीख घेतली.

तिकडे कार्यक्रमाआधी एक पिकल्या केसांचा बेसवाला त्यांच्या खोलीत आला आणि सोबत वाजवू का, असं त्याने मोनिकाला विचारलं. मोनिकाने ते मराठीत सांगितलं. लंकाबाईने त्याच्याकडे, त्याच्या माणसाएवढ्या वाद्याकडे पाहिलं, आपली चटई थोडी सरकवली आणि हाताने जागा दाखवली. त्याने तिथे वाद्य उभं केलं. अंगदने हलगी हीटरजवळ धरली, मोनिकाने तार लावली, आणि स्टेजवर जायला अर्धा तास असताना चौघांनी तिथेच सुरुवात केली.