जास्त घासलेली खाच

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. दचकू नका. मी आजवर कुणा माणसावर रोखले गेलेले नाही. कागदावरच्या काळ्या वर्तुळात छिद्रे पाडणे एवढेच माझे काम. पण स्पर्धेचे पिस्तूल स्वभावाने फार अस्वस्थ असते. हवा दमट झाली तरी त्याचा नेम हलतो, काडतुसांची पेटी बदलली तरी हलतो. आणि ज्याच्या हातात ते असते त्याच्या मनात काही सलत असले, तर विचारूच नका.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. पोलादाच्या कांबीत भोक पाडून माझी नळी केली आणि तिच्या आत वळणावळणाचे आटे कोरले, म्हणजे गोळी गिरक्या घेत सरळ जाते. पुढे एका जहाजाच्या कप्तानाबरोबर मी मोंबासाच्या बंदरात पोहोचले. कप्तान म्हातारा होऊन मायदेशी निघाला तेव्हा त्याने मला त्याच जहाजावरच्या फिटरला विकले. तो फिटर म्हणजे रत्नागिरीच्या राजिवड्याचा अयूब.

अयूब इंजिनाच्या खोलीत काम करी आणि सुट्टीच्या दिवशी बंदरातल्या नेमबाजी क्लबात जाई. त्याचा उजवा हात खडकासारखा स्थिर होता. त्या हातात मी दोन पेले जिंकले. मला वाटले, आता आयुष्यभर हेच. पण एडनच्या अलीकडे जहाजात वाफेची नळी फुटली आणि अयूबचा तोच हात भाजला. जखमा भरल्या, पण बोटे आखडली ती आखडलीच. कंपनीने त्याला घरी धाडले. १९५२ साली रीतसर परवाना घेऊन, लाकडी पेटीत बसून मीही रत्नागिरीला आले.

त्या घरात अयूबला एका जागी बसवत नसे. तो पडवीत येरझाऱ्या घाली, दर्याकडे बघे, परत आत येई आणि माझी पेटी उघडी. चाप ओढायला त्याचे बोट वळत नव्हते, पण अंगठा आणि तळवा यांच्यामध्ये कानस धरता येत होती. मग त्याने मला दुरुस्त करायला घेतले. खरे म्हणजे मी बिघडले नव्हते. त्याने फणसाच्या लाकडाची नवी मूठ घडवली. कापूर जाळून त्याच्या काजळीने माझ्या नळीच्या टोकावरची नेमाची माशी काळी केली, म्हणजे उन्हात ती चमकत नाही. सोनाराकडून काटा आणून एकेक काडतूस तोलले आणि सारख्या वजनाची वेगळी काढली. मोठ्या निगुतीचे काम होते ते. पण त्या हाताला स्वस्थता नव्हती. काल बसवलेला स्क्रू आज पुन्हा सुटायचा.

शहराबाहेर चिऱ्याची एक बंद पडलेली खाण होती. तिथे रायफल क्लबचा सराव चाले. क्लबचे चिटणीस आप्पा हे पोलिसातून निवृत्त झालेले जमादार. निशाणाचे कागद लावायला शेजारच्या वाडीतली काशी येई. अयूब डाव्या हाताने मला चालवून पाही आणि गोळ्या कागदभर पांगत. त्याच्याबरोबर त्याची बायको मैमुना येई, डबा घेऊन. ती खाणीच्या कडेला काशीजवळ बसे आणि दोघी गप्पा मारत.

एका सकाळी अयूब फारच चिडला. "पिस्तूलच तिरका मारतंय," तो म्हणाला.

"काय म्हायती," मैमुना म्हणाली. "तुमचा डावा हात अजून कच्चा हाय."

"मग तू धर बघू. दुसऱ्या हातात कसा चालतंय ते तरी कळेल."

मैमुनाने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि मला उचलले. तिचा हात लहान होता, मूठ तिला मोठी पडत होती. पण मित्रांनो, त्या हातात एक गोष्ट मला लगेच जाणवली. तिला घाई नव्हती. तिने श्वास सोडला, थांबली, आणि चाप इतका हळूच ओढला की गोळी केव्हा सुटली ते माझे मलाही कळले नाही. पुढच्या गोळ्याही तशाच गेल्या. काशीने कागद आणून दाखवला. सगळी छिद्रे एका बताशाखाली झाकली असती.

अयूब बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. त्याला आनंद झाला की दुःख, हे मला आजही सांगता येणार नाही. घरी गेल्यावर मात्र त्याने मूठ कानसून तिच्या हाताएवढी केली.

वर्षभर मैमुना सराव करत राहिली. राजिवड्यात कुणी कुजबुजले तर अयूबच पुढे होऊन सांगे, "माझी बायको नेम धरते, कुणाचे काय घेते?" मग आप्पांनी बातमी आणली. मुंबईत राज्याची स्पर्धा होणार होती आणि बायकांनाही त्यात भाग घेता येणार होता. आप्पांनी मैमुनाचे नाव कळवून टाकले.

त्या दिवसापासून अयूबची झोप उडाली. मैमुनाची एखादी गोळी वर्तुळाबाहेर गेली की तो लगेच मला घरी उघडून बसे. त्याच्या मते दोष नेहमी माझाच असे. माझ्या पोटात घोड्याला अडकवून धरणारी एक बारीक पोलादी खाच आहे. चाप ओढला की घोडा त्या खाचेतून सुटतो आणि काडतुसावर आपटतो. खाच जितकी उथळ, तितका चाप हलका. अयूब ती खाच घासू लागला. थोडी घासे, चाप ओढून बघे, पुन्हा घासे. मला ओरडून सांगावेसे वाटे की आता पुरे. पण पोलादाला कुठली वाचा.

मैमुना एकदा म्हणाली, "चाप आता फार हलका वाटतो. आदी बरा व्हता."

"सवय कर," अयूब म्हणाला. "मुंबईच्या बायका ह्याहून हलका वापरत असतील."

आणि मग ती सकाळ आली. खाणीत आप्पा रायफली पुसत होते, काशी कागद लावून परत येऊन मैमुनाच्या बाजूला बसली होती. मैमुनाने मला खाली, पायापुढच्या चिऱ्याकडे रोखले, काडतुसे भरली आणि मागे ओढलेली स्लाइड, म्हणजे नळीवरचे सरकते कवच, सोडली. स्लाइड खाडकन पुढे आली आणि त्या हादऱ्यानेच घोडा खाचेतून निसटला. कुणी चाप ओढला नव्हता. गोळी चिऱ्यावर आदळली, दगडाची कपची उडाली आणि काशीच्या भुवईत शिरली.

काशी जागीच वाकली. तिने डोळ्यावर हात धरला आणि बोटांमधून रक्त वाहू लागले. आप्पांनी तिला दवाखान्यात नेले. डोळा वाचला, तो थोडक्यात. डॉक्टरांनी टाके घातले.

संध्याकाळी पडवीत मैमुना बसली होती. "माझं बोट चापावर नव्हतं," ती म्हणाली.

अयूबने माझी पेटी मांडीवर घेतली होती. "असेल," तो म्हणाला. "तुला कळलं नसेल. नायतर गोळी सुटेल कशी?"

मैमुनाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. तो हात आपला नाहीच, असे पाहिले. "असेल," ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला याहून वाईट क्षण मला आठवत नाही. खरे काय ते त्या घरात फक्त मला माहीत होते, आणि मी पेटीत मुकाट पडून होते.

मैमुनाने सराव सोडला. आप्पा विचारायला आले तेव्हा तिने सांगितले, "माझ्या हातून बाईचा डोळा जाता जाता राहिला. माझं नाव काढून टाका." काशी खाणीत यायची थांबली. मैमुना तिच्यासाठी तांदळाच्या रव्याची गोड सांजणे करून घेऊन गेली, पण दारातूनच देऊन परत आली.

अयूबने मला पुन्हा उघडले ते काही दिवसांनी, मैमुना विहिरीवर गेली असताना. काडतुसे काढून, रिकामीच स्लाइड त्याने मागे ओढली आणि सोडली. घोडा पडला. त्याने पुन्हा तसेच केले. पुन्हा पडला. चापाला त्याने स्पर्शही केला नव्हता. त्याने घासलेल्या खाचेवरून नख फिरवले. मैमुनाची चाहूल लागताच त्याने मला घाईने पेटीत ठेवले आणि झाकण लावले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. अयूब जेवायला बसे आणि अर्ध्यातून उठे. बंदरावर जाई आणि तसाच परत येई. कानस त्याने हातातही धरली नाही. मैमुना काही विचारी तर तो तिच्याकडे न बघता उत्तर देई. पेटीच्या फटीतून मला त्याची पावले ऐकू येत. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि एका शुक्रवारी, नमाजहून आल्यावर, टोपीसुद्धा न काढता त्याने पेटी काखेत मारली.

"चल," तो मैमुनाला म्हणाला. "काशीकडे जायचं हाय."

काशी अंगणात भात वारवत होती. भुवईवरची खूण अजून लाल होती. अयूबने पेटी उघडली, मला रिकामे करून दाखवले, आणि त्या दोघींच्या देखत स्लाइड ओढून सोडली. घोडा पडला.

"बोट कुठं हाय बघा," तो म्हणाला. "चापाची खाच मी जास्त घासली. तुजा डोळा माझ्यामुळं जात व्हता, काशी. हिच्या हातामुळं नाय."

काशीने सूप खाली ठेवले. "माझ्या भुवईचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "हे तिला कधी कळलं?"

"आता."

"आनि तुमाला?"

अयूबने मान खाली घातली. मैमुनाने मला त्याच्या हातातून घेऊन पेटीत ठेवले. तिने झाकण लावले, पेटी काखेत घेतली आणि ती पुढे चालू लागली. वाटेत ती एकदाही मागे वळली नाही.

घरी आल्यावर तिने एवढेच सांगितले, "नवी खाच तुमी घडवा. पण हातात कानस घेताना मी समोर पायजे. आनि बास म्हणाले की बास."

"म्हणशील तसं," अयूब म्हणाला.

त्याने जुन्या कानशीच्या पोलादातून नवा तुकडा घडवला, तापवला, तेलात विझवला. मैमुना शेजारी बसून सगळे बघत होती. कुठे घासल्याने काय होते ते विचारत होती. शेवटचा हात तिनेच मारला. मग तिने माझी स्लाइड रिकामीच पुन्हा पुन्हा ओढून सोडली, मला लाकडी मोगरीने वरून ठोकले, बाजूने ठोकले. घोडा जागचा हलला नाही. चाप आधीपेक्षा जड झाला होता, आणि मला इतक्या दिवसांनी मोकळे वाटले. दुसऱ्या सकाळी काशी आपण होऊन खाणीत आली आणि कागद लावू लागली.

आगबोटीने आम्ही मुंबईला गेलो. स्पर्धेआधी तिथल्या परीक्षकांनी माझ्या चापाला दोन पौंडांचे वजन टांगून मला उचलले. नियमाप्रमाणे घोडा न पडता तेवढे वजन पेलणे भाग होते. मी पेलले. जुनी खाच असती तर तिथूनच परत यावे लागले असते.

मैमुनाची सुरुवात चांगली झाली. पण मधेच एकदा तिने चाप ओढला, घोडा पडला आणि गोळी सुटलीच नाही. मागच्या बाकावरून अयूब उठला. दुरुस्तीला माणूस आत बोलावायची मुभा होती. तो पुढे झेपावणार एवढ्यात मैमुनाने डावा हात वर करून त्याला थांबवले. गोळी उशिरा सुटली तरी निशाणाकडेच जावी म्हणून ती मला तिकडे रोखून थांबली, मग काडतूस बाहेर काढून परीक्षकांना दाखवले. घोड्याचा ठसा त्यावर नीट उमटला होता. दारूच सर्दावली होती. "पिस्तूल बरा हाय," ती अयूबकडे बघून म्हणाली. अयूब बसला. मी त्याला पहिल्यांदाच असे बसलेले पाहिले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, स्वस्थ.

मैमुना त्या दिवशी तिसरी आली. रत्नागिरीत तिचा सत्कार झाला, आप्पांनी भाषण केले, मला हार घातला. हाराच्या पाण्याने मला गंज चढेल म्हणून तिने तो लगेच काढला.

पुढे पोफळीला विजेच्या प्रकल्पावर अयूबला फिटरचे काम मिळाले आणि दोघे तिकडे राहायला गेले. मला क्लबाच्या कपाटात ठेवले गेले, चामड्याच्या म्यानात. तिथे माझ्याकडे कुणी फिरकले नाही. चामडे पावसाळाभर ओल शोषत राहिले आणि मी त्या ओलीत कुजत राहिले. आपल्या अंगावर गंज चढताना जाणवतो, मित्रांनो. दिवाळीला मैमुना आली, कपाट उघडले आणि माझ्या नळीतून उजेडाकडे पाहिले. आट्यांवर खड्डे पडले होते. तिने तेल लावून, फडके फिरवून मला साफ केले, पण खड्डे बुजत नाहीत.

त्या दिवशी खाणीत नेमबाजी शिकायला नव्या बायका जमल्या होत्या. काशीही त्यांच्यात होती. मैमुनाने मला काशीच्या हातात दिले, पण आधी सगळ्यांना सांगितले, "नळी खराब झालीय. म्यानात ठेवून मीच गेले, ती हयगय माझी. पहिल्या गोळ्या डावीकडं जातील. ती चूक तुमच्या हाताची समजू नका."

काशीची पहिली गोळी डावीकडे गेली. ती हसली आणि तिने पुन्हा नेम धरला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. हत्यार असो की अवजार, वापरून झाले की पुसून, कोरडे करून ठेवा. आणि त्यात काही खोट असेल, तर ज्याच्या हातात देता त्याला देण्याआधी सांगा.