नाक वर केलं की

पंधरा ऑगस्टला चौसाळ्यात, शाळेच्या मैदानावर, शिवशंकररावांचं घरी बनवलेलं छोटं विमान सगळ्या गावादेखत कोसळलं. पाण्याच्या टाकीमागच्या चिखलात ते नाक खुपसून पडलं. पोरं तिकडं धावली. शिवशंकरराव रिमोट हातात धरून जागेवरच उभे राहिले आणि जवळच्या माणसांना म्हणाले, "इंजन बंद पडलं."

सत्यशीलाबाई बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. विमान आदळेपर्यंत इंजिन चालू होतं. तो आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. पण चारचौघांत नवऱ्याचं बोलणं कशाला खोडायचं, म्हणून त्या गप्प बसल्या. घरी आल्यावरही त्यांनी तो विषय काढला नाही.

शिवशंकररावांची सारी नोकरी संभाजीनगरात, तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमध्ये गेली. विमानांचा हा नाद तिथलाच. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा शेती धाकट्या भावाच्या हातात होती, ती त्यांनी तशीच राहू दिली. स्वतः ओसरीवर लाकडाच्या पट्ट्या तासत, पंखांना कागद चिकटवत बसायचे. मूल नव्हतं. वर्षातून दोनदा शाळेत विमान उडवलं की त्यांचा चेहरा आठवडाभर उजळलेला असायचा.

मोडलेला पंख त्यांनी जोडला. इंजिन मात्र आता खरंच त्रास द्यायला लागलं.

ते इंजिन मुठीएवढं. पेट्रोल नाही, मिथेनॉल आणि एरंडेल तेलावर चालणारं. त्याच्या डोक्यावर ग्लो प्लग असतो, त्यात केसासारखी तार. सुरुवातीला बॅटरी लावून ती तार लाल करायची. इंजिन एकदा पेटलं की तार आपोआप तापलेली राहते, मग बॅटरी काढून घ्यायची. इथं बॅटरी काढली की इंजिन फडफडून मरत होतं. त्यांनी प्लग बदलला. तरी तेच. मग इंधनाचा डबा पावसाळाभर अर्धा राहिला होता, मिथेनॉलनं हवेतलं पाणी ओढलं असणार, असं म्हणून त्यांनी नवीन इंधन मागवलं. त्यानं फरक पडला. जमिनीवर इंजिन नीट चालायला लागलं.

"आता धर," ते म्हणाले. "नाक वर कर."

सत्यशीलाबाईंनी विमान दोन्ही हातांनी आभाळाकडं धरलं. इंजिनाचा आवाज बारीक झाला, किंचाळल्यासारखा चढला आणि तुटला.

"बघ! नाक वर केलं की मरतं. त्या दिवशीबी हेच झालं."

ते जवळजवळ खूश झाले होते. सत्यशीलाबाईंनी ते पाहिलं आणि विमान खाली ठेवलं.

पुढं रोज संध्याकाळी हेच चाललं. त्या विमान धरायच्या, ते इंधन कमी-जास्त करणारी सुई थोडी उघडायचे, थोडी मिटायचे. त्यांच्या लुगड्याला एरंडेलाचा वास कायमचा बसला. त्याच दिवसांत सत्यशीलाबाईंच्या आणखी काही गोष्टी लक्षात येत होत्या. शेजारी ठेवलेला चहाचा कप ते हातानं चाचपायचे. दाराच्या चौकटीला खांदा धडकायचा.

"कावून धडकता ओ?"

"ध्यान नव्हतं."

दिवाळी झाली. एका संध्याकाळी विमान धरलेलं असताना इंधनाच्या टाकीतून इंजिनाकडं जाणारी पारदर्शक नळी सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांसमोर आली.

"अहो, हिच्यात बुडबुडे हायत."

शिवशंकररावांनी इंजिन बंद केलं आणि टाकी खोलली. टाकीच्या आत रबराची मऊ नळी असते, तिच्या टोकाला शिशाचं वजन. विमान कसंही वळलं तरी वजन इंधनात बुडतं आणि नळी इंधन ओढत राहते. ती नळी त्यांनी पाण्याच्या वाटीत धरली, एक टोक बोटानं दाबून दुसऱ्या टोकानं फुंकली. नळीच्या मधूनच बुडबुडे निघाले. नळीला चीर पडली होती.

"इथून हवा घुसतीय," ते म्हणाले. "आदळल्यावर वजन जोरात पुढं फेकलं गेलं, त्यानंच चिरली..."

ते मधेच थांबले. आदळल्यामुळं चिरली, म्हणजे आदळायच्या आधी नळी धड होती.

 सत्यशीलाबाईंनी खाली बघून उगाच हत्यारं आवरली. शिवशंकररावांनी नवी नळी कापली आणि बसवली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना दोघं सोयाबीन काढलेल्या रानात गेले. पलीकडच्या टोकाला गावातले मेंढपाळ सुग्रीव आणि चतुराबाई मेंढरं चारत होते. सत्यशीलाबाईंनी विमान सोडलं. नाक वर करून ते सरळ चढलं आणि इंजिनाचा सूर जरासुद्धा हलला नाही.

"लई गोड चाललंय," शिवशंकरराव म्हणाले. त्यांचा आवाज मात्र कोरडा होता.

विमानानं एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीला ते वळणावर बाजूला गेलं आणि शिवशंकररावांची मान इकडून तिकडं फिरायला लागली.

"कुठं हाय?"

"उजवीकडं. डोंगरावरच्या पवनचक्क्यांच्या अंगाला."

"न्हाई दिसत. आता?"

"खाली यायलंय. अहो, वळवा! मेंढरांवर चाललंय!"

कुठं वळवावं ते त्यांना कळेना. त्यांनी रिमोटवरची काडी पूर्ण खाली ओढून इंजिन बंद केलं. रानभर एकदम शांतता पसरली. विमान तरंगत उतरलं आणि मेंढरांच्या अलीकडं ढेकळांवर आपटून मोडलं. मेंढरं उधळली. सुग्रीव हातवारे करून ओरडत होता.

शिवशंकरराव खाली बसले.

"उन्हाळ्यात बीडला गेलतो ना, तवाच डॉक्टरनं सांगितलं. काचबिंदू. समोरचं दिसतंय, बाजूचं चाललंय. थेंब दिले होते. न्हाई टाकले."

"कावून न्हाई टाकले?"

"तू बघितली असती बाटली. तू विचारलं असतं. मंग उडवणं बंद."

"शाळेतबी असंच झालं. मला ठावं होतं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "इंजन चालू होतं. मी ऐकलं."

"मंग बोलली कावून न्हाईस?"

 दोघांनी मोडलेले तुकडे गोळा केले. सुग्रीव जवळ आला तेव्हा शिवशंकररावांनी हात जोडले. "बाबा, चूक माझी हाय. मला दिसलं न्हाई." सुग्रीव ओरडायचा राहिला. तो मेंढरांकडं परतला.

बीडच्या डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. औषध तेव्हापासून चाललं असतं तर बरीच वाचली असती, आता उरलेली सांभाळायची. बाहेरच्या बाकावर सत्यशीलाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. शिवशंकरराव समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. शेजारी बसलेली बायको दिसावी म्हणून त्यांना पूर्ण मान वळवावी लागली.

आता रोज रात्री जेवणानंतर त्या थेंब टाकतात. ते खाटेवर मान मागं टाकून पडतात. औषध झोंबतं, पण ते हूं की चूं करत नाहीत. थेंब टाकून झाले की सत्यशीलाबाई बाटलीचं झाकण लावतात आणि त्यांनी डोळे उघडेपर्यंत खाटेच्या कडेला बसून राहतात.