पुस्तकातली सुईण

छापखानेवाल्याची धाकटी बहीण मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता तिने स्वतःच एक पुस्तक लिहिलं: घरातून हाकललेल्या एका विणकरणीची कहाणी, तिच्याच तोंडून सांगितलेली. तोवर लोक वाचत ते राजांचे पराक्रम नाहीतर पऱ्यांच्या गोष्टी. साध्यासुध्या बाईची एवढी लांबलचक, मनाने रचलेली गोष्ट कोण वाचणार? म्हणून दादाने मुखपृष्ठावर ठोकून दिलं, ‘खरी हकीकत’.

“पण दादा, हे खोटं आहे.”

“खोटं म्हटलं तर कोणी हात लावणार नाही. तू फक्त गप्प राहा.”

पुस्तक हातोहात खपलं. लोक त्या विणकरणीचा पत्ता विचारू लागले. बहीण आपली खाली मान घालून मुद्रितं तपासत राही.

एका सकाळी एक पोक्त बाई दारात येऊन उभी राहिली. पायांवर धूळ, हातात तेच पुस्तक.

“मी सुईण,” ती म्हणाली. “नातीने वाचून दाखवलं. पूल वाहून गेला, सुईण उशिरा पोचली, बाळ गेलं, आणि त्यापायी आईला घरातून हाकललं. बाई, ती सुईण मीच. वीस वर्षांपूर्वी असंच झालं होतं. त्या आईचे पाय धरायचेत मला.”

दादा पलीकडून डोळे वटारत होता. बहिणीने त्याच्याकडे पाठ केली.

“मावशी, अशी बाई नाहीच. पूल, बाळ, सगळं मी इथे या खुर्चीत बसून रचलं.”

सुईण मटकन स्टुलावर बसली.

“म्हणजे ते बाळ मेलं नाही?”

“जन्मलंच नाही, मावशी.”

“माझ्या हातून गेलेलं मूल गेलंच,” सुईण डोळे पुसत म्हणाली. “पण माझ्यापायी आईला हाकललं, हे दुसरं ओझं मी उगाच वाहत होते. बरं झालं बाई, सुटले.”

बहिणीचाही जीव भांड्यात पडला. दादा मात्र कपाळाला हात लावून बसला. “बुडालो आपण. आता कोण वाचणार?”

“मी,” सुईण म्हणाली. “नीट ऐकलंच कुठे? सगळं लक्ष माझ्या पापाकडे. आणि काय गं, ती विणकरीण पुढे काय करते?”

“अजून ठरवलं नाही.”

“मग ठरव की. चांगलं काहीतरी कर तिचं.”

दुसऱ्या आवृत्तीवर दादाने कुरकुरत का होईना, ‘एक कल्पित कहाणी’ असं छापलं. बहीण तोवर पुढच्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणावर पोचली होती.